पस्तीस मिनिटांत काय वाजवायचं?

आठव्या ग्रेडपर्यंत पियानो शिकणाऱ्याला निवडीची चिंता फारशी नसते. यादीतून तीन-चार रचना घ्यायच्या असतात, त्यांवरही बहुतेक वेळा शिक्षकच बोट ठेवतात. परीक्षेत एकेक पीस वाजवला, की तो तिथेच संपतो. डिप्लोमाला मात्र कार्यक्रम उमेदवाराला स्वतः रचायचा असतो, आणि परीक्षक तो सलग ऐकतो. कुठून सुरुवात केली, कशामागून काय आलं, शेवटी कानात काय उरलं, हे सगळं त्याच्या पदरात पडतं. बोटांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतलेले विद्यार्थी ही रचना मात्र एका संध्याकाळी उरकतात, आणि मग वर्षभर त्या घाईची किंमत मोजतात. म्हणून या प्रकरणात आपण फक्त निवडीबद्दल बोलू.

आधी चौकट पाहू. मुंबई, पुणे आणि गोव्यातले विद्यार्थी प्रामुख्याने लंडनच्या दोन संस्थांच्या परीक्षांना बसतात: ट्रिनिटी कॉलेज आणि एबीआरएसएम. ट्रिनिटीच्या पहिल्या डिप्लोमाला, म्हणजे एटीसीएलला, वादन ३२ ते ३८ मिनिटांत बसवावं लागतं. पुढच्या एलटीसीएलला ३७ ते ४३ मिनिटांत. एबीआरएसएमच्या एआरएसएमला ३० मिनिटांचा कार्यक्रम असतो. त्यातली किमान २० मिनिटं त्यांच्या यादीतली हवीत, उरलेल्या वेळात आठव्या ग्रेडच्या किंवा त्यावरच्या दर्जाचं काहीही आपल्या पसंतीने घेता येतं. ट्रिनिटीमध्ये १० टक्के गुण कार्यक्रमाची आखणी, त्यावरचं लेखी टिपण आणि सादरीकरण यांना आहेत. दहाच टक्के म्हणून कुणी हे बाजूला सारू नये. चुकीच्या आखणीचे ओरखडे उरलेल्या नव्वद टक्क्यांवरही उठतात.

आपल्याकडच्या मैफलीत गायक समोरच्यांचा कल पाहून राग बदलतो, ठुमरी घ्यायची की नाट्यपद ते जागेवर ठरवतो आणि वेळ झाली असं वाटलं की भैरवीकडे वळतो. पियानोच्या डिप्लोमात ही मोकळीक नसते. क्रम महिनोन्‌महिने आधी ठरतो, मिनिटं मोजलेली असतात आणि श्रोता म्हणून समोर बहुधा एक अनोळखी माणूस वही घेऊन बसलेला असतो. मैफलीतला गायक जे अंदाजाने करतो, ते इथे कागदावर करावं लागतं.

मग कागदावर काय उतरवायचं? यावर सर्वाधिक ऐकू येणारं उत्तर म्हणजे काळाचा क्रम: एक बाख, एक बीथोव्हेन, एक शोपँ, शेवटी देब्युसी किंवा बार्टोक. हे सूत्र आलं कुठून हे कळलं, की त्याचा धाक कमी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पियानोवादक सहसा एकटा कार्यक्रम करत नसे. गायक, वाद्यवृंद, इतर वादक यांच्यासोबत त्याची हजेरी लागे. फ्रान्झ लिस्ट याने १८४०मध्ये लंडनमध्ये एकट्याचे कार्यक्रम केले, तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. पुढे क्लारा शूमनने आपल्या दीर्घ कारकिर्दीत गंभीर कार्यक्रमाचं वळण घालून दिलं. आधी बाख आणि बीथोव्हेन, मग मेंडेल्सझोन, शोपँ आणि रॉबर्ट शूमन. अंतोन रुबिनस्टाइनने १८८५-८६च्या हंगामात सात ऐतिहासिक मैफलींची मालिकाच केली आणि पियानो संगीताचा सगळा इतिहास श्रोत्यांपुढे क्रमाने मांडला. म्हणजे हा क्रम मोठ्या माणसांनी, त्यांच्या श्रोत्यांसाठी बसवलेला रिवाज आहे. तो उपयोगाचा आहे, पण कायदा नाही.

आणि नुसता काळ बदलल्याने तोल येतो असंही नाही. एक कार्यक्रम कल्पून पाहा: बाखच्या १७२२च्या पहिल्या संग्रहातलं सी मायनरचं प्रील्यूड, बीथोव्हेनच्या ‘टेम्पेस्ट’ सोनाटाचा शेवटचा भाग, आणि प्रोकोफिएव्हची १९१२ची टोकाटा. तीन शतकं झाली, तीन शैली झाल्या, यादीत सगळं शोभून दिसतं. ऐकताना मात्र तिन्ही ठिकाणी न थांबता धावणारे स्वर, तिन्ही ठिकाणी मायनर, तिन्ही ठिकाणी तीच ताणलेली मनःस्थिती. हाताचे तेच स्नायू तिन्ही वेळा राबतात. उलट देब्युसीच्या प्रील्यूड्सच्या एकाच पहिल्या पुस्तकातून ‘बुडालेलं कॅथीड्रल’ आणि ‘मिन्स्ट्रल्स’ घेतले, तर संगीतकार एक, वर्षं तीच आणि तरी दोन वेगळी जगं समोर येतात.

म्हणून तोल शोधायचा तो वेगळ्या ठिकाणी. प्रत्येक पीससमोर लिहा: इथे हाताकडून काय मागितलं आहे? सुटी, चमकदार बोटं, की भरलेले कॉर्ड्स? मधल्या आवाजातली लपलेली चाल गाऊन दाखवायची आहे का? पेडल जवळजवळ नको आहे, की पेडलवरच सगळं तरंगतं आहे? वाजवणाऱ्याने इथे संयम दाखवायचा की सोडून द्यायचं? एका पीसची उत्तरं दुसऱ्याशी जितकी कमी जुळतील, तितकं परीक्षकाला तुमच्याबद्दल जास्त कळेल. परीक्षेत तोल पाहतात तो याच कारणाने. पाच पीसमध्ये एकच कौशल्य पाच वेळा सिद्ध करून हाती काही लागत नाही.

आता प्रत्यक्ष एक कार्यक्रम बांधू. एटीसीएलच्या वेळेत बसेल असा. यातल्या रचना तुमच्या वर्षीच्या यादीत आहेत का ते तुम्हीच ताडून पाहा. मला इथे दाखवायचा आहे तो विचार.

सुरुवात हायडनच्या बी मायनर सोनाटाने, होबोकन सूचीतला १६:३२, १७७६मधल्या संचातला. हायडन मला सुरुवातीला आवडतो, कारण अनोळखी पियानोशी ओळख करून घ्यायला तो जागा देतो. पहिला भाग मध्यम गतीचा आहे. त्यातले अलंकार नेटके पडतात की नाही हे लगेच ऐकू येतं, पण पहिल्या दहा सेकंदांत उडी मारायला लागत नाही. मधला मिन्युएट बी मेजरमध्ये उजळतो आणि शेवटचा प्रेस्टो एकाच स्वराच्या पुनरावृत्तीने झपाटल्यासारखा धावतो. पहिल्या भागाचा पूर्वार्ध दोनदा वाजवला तर एकूण साडेतेरा मिनिटांच्या आसपास जातात.

त्यानंतर ब्राम्सच्या ओपस ११८मधला दुसरा, ए मेजरचा इंटरमेझो. १८९३मधलं हे पुस्तक ब्राम्सने क्लारा शूमनला अर्पण केलं होतं. साधारण सहा मिनिटं. बी मायनरकडून ए मेजरकडे जाताना कानाला धक्का बसत नाही, कारण दोन्ही शेजारची घरं आहेत. पण हायडनच्या कडक, कोरड्या शेवटानंतर इथे हात एकदम वेगळा लागतो. मधल्या एफ शार्प मायनरच्या भागात वरच्या चालीखाली दुसरी चाल तिचा पाठलाग करते. ती ऐकू आली तर विद्यार्थी जाणता आहे हे परीक्षकाला सांगावं लागत नाही.

पुढे देब्युसीचं ‘बुडालेलं कॅथीड्रल’ घ्यावंसं वाटतं, १९१०मध्ये छापलेल्या पहिल्या पुस्तकातलं दहावं प्रील्यूड, आणि शेवटी जिनास्तेराची तीन ‘आर्जेन्टिनी नृत्यं’, १९३७ची, संगीतकार जेमतेम एकविशीचा असतानाची, आठ मिनिटांची. बेरीज करा: साडेतेरा, सहा, सहा, आठ. साडेतेहतीस. वेळेत बसतं. तरीही मी हा कार्यक्रम असाच पाठवणार नाही. ब्राम्स हळुवार संपतो आणि देब्युसी त्याहून हळुवार सुरू होतो. दोन संथ, मंद रचना पाठीला पाठ लावून बसल्या की ऐन मध्यावर कार्यक्रम निजतो. कागदावर हे दिसत नाही. सलग वाजवलं तरच कळतं.

उपाय त्याच पुस्तकात आहे. ओपस ११८मधली तिसरी रचना, जी मायनरची बॅलेड, साडेतीन मिनिटांची, जोमदार, ठोस कॉर्ड्सची. ती मध्ये घातली की ब्राम्सचीच दोन रूपं शेजारी येतात. आणखी एक लाभ होतो. ही बॅलेड शेवटी जी मायनरमध्ये शांत होते, आणि देब्युसीच्या कॅथीड्रलचा पहिलाच आवाज जी आणि डी यांच्या रिकाम्या पंचमाचा आहे. एक दार मिटतं त्याच उंबऱ्यावर दुसरं उघडतं. कॅथीड्रल सी मेजरमध्ये विरतं, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांवर. आणि जिनास्तेराच्या पहिल्या नृत्यात उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर नाचतो, डावा फक्त काळ्यांवर. ओळखीच्या पांढऱ्या स्वरांखाली परके काळे स्वर येऊन भिडतात. हा सांधा परीक्षकाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, तो ऐकू येतो. टिपणात मात्र एक वाक्य जरूर लिहा.

आता बेरीज सदतीसवर गेली. ३८ची मर्यादा समोर, आणि मधल्या थांब्यांचा वेळ अजून धरलेलाच नाही. इथे हायडनची पुनरावृत्ती सोडली की दोनेक मिनिटं सुटतात. पुनरावृत्तीबद्दल सिलॅबस काय म्हणतो ते आधी पाहा, आणि मगच सोडा. पस्तीस मिनिटांचं वादन, वर उठणं-बसणं, श्वास घेणं: हे सुरक्षित आहे. मर्यादेच्या कडेला टेकलेला कार्यक्रम परीक्षेच्या दिवशी हमखास घसरतो. घाबरलेला माणूस वेगवान भाग आणखी वेगाने वाजवतो आणि संथ भागात घुटमळतो.

वेळेबाबत आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवर किंवा सीडीच्या पाठीवर दिलेली मिनिटं तुमची मिनिटं नसतात. या कॅथीड्रलचंच पाहा. देब्युसीने स्वतः ते वेल्टे-मिन्योन कंपनीच्या स्वयंचलित पियानोसाठी वाजवून कागदी रोलवर नोंदवून ठेवलं आहे. त्यात काही भाग त्याने छापील खुणांवरून वाटतो त्याच्या दुप्पट वेगाने घेतले आहेत. तो वेग मान्य केला तर पीस पाच मिनिटांत आटोपतो. न करता छापील अर्धस्वर-पावस्वर शब्दशः मोजले तर बराच लांबतो. कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवून, तो बसल्यावर, घड्याळ लावून स्वतःची वेळ मोजा.

या सगळ्यात एक मोह फार जणांना होतो. शोपँची जी मायनर बॅलेड. लहानपणापासून ऐकलेली, स्वप्नात वाजवलेली, दहा मिनिटांच्या आतबाहेरची. विद्यार्थी म्हणतो, डिप्लोमा म्हणजे हीच. त्याला माझं एवढंच सांगणं असतं, की शेवटचा प्रेस्टो कॉन फुओको आजच्या आज, हात न तापवता, वाजवून दाखव. तो आज साठ टक्के जमत असेल तर परीक्षेत चाळीस टक्के जमेल, कारण तिथे तो पंचविसाव्या मिनिटानंतर येणार आहे. डिप्लोमाच्या कार्यक्रमातला सर्वांत अवघड पीस असा हवा, जो तुमच्या वाईट दिवशीही उभा राहतो. बॅलेड घ्यायचीच असेल तर ती कार्यक्रमाचा कणा माना आणि तिच्या आजूबाजूला हलकं, कमी दमवणारं ठेवा. तिच्या आधी ऑक्टेव्ह्जचा दुसरा डोंगर नको. शोपँची तिसरी बॅलेड, ए फ्लॅटची, थोडी लहान आहे आणि बऱ्याच हातांना अधिक मानवते. तिला दुय्यम समजण्याचं काही कारण नाही.

यादीबाहेर किंवा यादीच्या कोपऱ्यात शोध घेणाऱ्यांना एक वाट सुचवतो, ती आपल्या दाराशी येऊन पोचते म्हणून. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात १२० देशी तालांची नोंद आहे. ती यादी फ्रेंच संगीतविश्वकोशात छापली गेली आणि तिथून ऑलिव्हिए मेसियाँच्या हाती आली. त्याने ते ताल आयुष्यभर वापरले. पियानोसाठीच्या त्याच्या १९४४च्या वीस भागांच्या, दोनेक तास चालणाऱ्या ‘व्हँ रगार’ या मालिकेतल्या पाचव्या भागात रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल एकामागोमाग येतात. हा भाग संथ आहे, वाचायला किचकट आहे, आणि पहिल्या डिप्लोमाच्या उमेदवाराने सहसा त्यात हात घालू नये. वरच्या पातळीवरच्या, आधुनिक संगीत मनापासून आवडणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने मात्र तो उघडून पाहावा. देवगिरीचा अभिमान म्हणून तो घेऊ नका. तुमच्या कार्यक्रमात तसा काही स्थिर, घंटानादासारखा रंग नसेल आणि तो हवा असेल, तर घ्या.

वाद्याचा विचारही निवडीच्या वेळीच करायचा. आपल्याकडे बहुतेक घरांत अपराइट असतो किंवा डिजिटल, आणि परीक्षेत ग्रँड समोर येण्याची शक्यता असते. दोन्हींत फरक नुसता आवाजाचा नाही. ग्रँडच्या यंत्रणेत पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. अपराइटला ते तितकं साधत नाही. एकाच स्वराची झरझर पुनरावृत्ती असलेला पीस घरी अडखळत असेल, तर दोष दर वेळी बोटांचा नसतो. डावं पेडलही निराळं. अपराइटमध्ये ते हातोड्या तारांजवळ आणतं, ग्रँडमध्ये सगळी यंत्रणाच बाजूला सरकवतं आणि आवाजाचा पोतच बदलतो. देब्युसीसारखा पेडलवर जगणारा संगीतकार निवडला असेल तर परीक्षेआधी काही वेळा तरी ग्रँडवर वाजवायची सोय पाहा. ती होणारच नसेल, तर तेवढं पेडलवर अवलंबून नसलेलं काही घेणं शहाणपणाचं. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात हवा दमट होते, लाकूड आणि फेल्ट फुगतं, पट्ट्या जड होतात, अडकतात. परीक्षा त्या सुमाराला असेल तर हलक्या बोटांचा, स्पर्शाच्या बारकाव्यावर बेतलेला पीस अगदी पहिला ठेवू नका.

प्रतींचंही पाहा. दोन्ही संस्थांना बेकायदा झेरॉक्स चालत नाही. बाख, हायडन, ब्राम्स यांची स्वरलिपी कायदेशीरपणे फुकट मिळते, पण जिनास्तेरा १९८३मध्ये वारला, त्याच्यावरचे हक्क चालू आहेत. धोबीतलावच्या फुर्ताडोजसारख्या दुकानात सगळं तयार मिळेलच असं नाही, परदेशातून यायला वेळ लागतो. निवड पक्की झाली की पहिलं काम मागणी नोंदवण्याचं.

कार्यक्रम ठरला असं वाटल्यावर दोन परीक्षा स्वतःच घ्याव्यात. पहिली लेखी. एटीसीएलच्या टिपणाची वाट न पाहता आत्ताच प्रत्येक पीसबद्दल एक परिच्छेद लिहा आणि त्यात तो आधीच्या पीसनंतर का येतो याचं एक वाक्य घाला. वाक्य सुचत नसेल, किंवा ‘कालक्रमानुसार’ एवढंच सुचत असेल, तर क्रम अजून ठरलेला नाही. दुसरी परीक्षा वादनाची. सगळे पीस पूर्ण तयार व्हायच्या किती तरी आधी, चुका होत असतानाच, अख्खा कार्यक्रम न थांबता वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. क्रम बदलून पुन्हा वाजवा. मग दुसऱ्या दिवशी ऐका, स्वरलिपी न उघडता. कुठे लक्ष उडतं, कुठे हात दमल्याचं ऐकू येतं, कुठल्या दोन पीसमध्ये शांतता लांबवावीशी वाटते, याच्या वेळा लिहून ठेवा. जिथे लक्ष उडालं तिथे बहुधा वादन वाईट नसतं; शेजार चुकलेला असतो. तो अजूनही बदलता येतो.

शिक्षकांशी मतभेद झाले तर? होतात. त्यांना तुमचे हात ठाऊक असतात आणि तुम्हाला तुमची ओढ. एखादा पीस ते नको म्हणत असतील तर कारण विचारा, आणि कारण हाताचं असेल तर ऐका. पण वर्षभर रोज ज्या रचनेसमोर बसायचं ती आवडत नसताना केवळ यादीतली पोकळी भरायला घेऊ नका. त्याच कामाची दुसरी रचना सापडते. स्कार्लात्तीचे एकट्याचेच ५५५ सोनाटा आहेत.

अर्ज भरण्यापूर्वी सिलॅबसची चालू वर्षाची प्रत संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या, मोठ्या भावंडाच्या जुन्या पुस्तकावर विसंबू नका, आणि प्रत्येक पीसचं नाव, ओपस, क्रमांक, निवडलेले भाग आणि तुमची मोजलेली मिनिटं तिच्याशी ओळीने ताडून पाहा.